काळा दगड काळाच यावा

फोनच्या कॅमेऱ्याला अंधार सोसत नाही. अलीकडचा कुठलाही फोन घ्या, एखाद्या जुन्या देवळाच्या अंतराळात, म्हणजे मंडप आणि गाभारा यांच्यामधल्या जागेत, उभे राहा आणि बटण दाबा. डोळ्यांना खांबाची जेमतेम कड दिसत असते. फोटोत मात्र खांब, खांबावरची वेलबुट्टी, मागची भिंत, भिंतीवरचा काजळीचा डाग, सगळं उजळून आलेलं असतं. बघणारे म्हणतात, काय भारी फोन आहे! तंत्र म्हणून ते भारी आहेच. पण मी ज्या जागी उभी होते ती जागा त्या फोटोत नसते.

प्रवासाला जाताना मी फोन सोडून दुसरा कॅमेरा नेत नाही. खांद्याला ओझं नको हे एक कारण. मुख्य कारण असं की एसटीच्या गर्दीत, घाटातल्या पावसात, कुणाच्या ओटीवर चहा पिताना जे हाताशी असतं तेच माझ्या कामाचं. मोठ्या कॅमेऱ्यांबद्दल माझं काही वाकडं नाही. फक्त फोन पत्करला की त्याची खोडही पत्करावी लागते, आणि ती खोड म्हणजे दिसेल ते उजळ करायचं. दगड असो, आभाळ असो, माणसाचा चेहरा असो. ती आवरून, जिथे जेवढा उजेड होता तेवढाच फोटोत ठेवायचा, एवढ्याच गोष्टीमागे मी बरीच वर्षं लागलेली आहे.

खिद्रापूरला जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ आहे. नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत उसाच्या शेतांमधून रस्ता जातो आणि गाव संपता संपता कर्नाटकाची हद्द येते. शिलाहारांच्या काळातलं, १२व्या शतकातलं बांधकाम. आत शिरल्यावर पहिल्यांदा लागतो तो स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधोमध छतच नाही. सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश उघडं ठेवलेलं आहे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा बसवलेली आहे. त्यापुढे सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा. प्रत्येक उंबरा ओलांडला की उजेड एका पायरीने कमी होतो. गाभाऱ्यात पोचल्यावर आधी फक्त समईची ज्योत दिसते, मग पितळेवरची तिची चमक, आणि डोळे स्थिरावले की मग कोपेश्वर आणि धोपेश्वर. ज्यांनी हे देऊळ रचलं त्यांनी दगड जेवढा विचार करून लावला तेवढाच उजेडही विचार करून लावला आहे, असं मला तिथे उभं राहिल्यावर दर वेळी वाटतं.

आता या देवळात फोन काढा. स्वर्गमंडपात उभं राहून सभामंडपाकडे रोखा. फोनला दिसतं ते असं: एका बाजूला भगभगीत ऊन, दुसऱ्या बाजूला काळोख. त्याला दोन्ही हवं असतं. तो ऊन खाली खेचतो, काळोख वर उचलतो, आणि पडद्यावर येतो तो एकसारखा करडा मंडप, ज्यात आतलं आणि बाहेरचं यांत फरकच राहत नाही. शिलाहारांच्या कारागिरांनी उंबऱ्याउंबऱ्याने उतरवत आणलेला उजेड फोन निमिषार्धात सपाट करतो.

तिथल्या एका खांबाशी मी बराच वेळ काढला आहे. स्वर्गमंडपातला, पश्चिमेकडचा. सकाळचं ऊन वरच्या गोलातून तिरपं आत येतं आणि या बाजूच्या खांबांवर पडतं. खांबाचा एक भाग चौकोनी, त्यावर अष्टकोनी, मग गोल, असे आकार बदलत जातात आणि दगड इतका घोटलेला आहे की प्रत्येक पैलू उजेड वेगळा धरतो. उन्हाकडचा पैलू जवळजवळ पांढरा, त्याच्या शेजारचा राखाडी, तिसरा काळा कुळकुळीत. धार नेमकी कुठे आहे हे उजेडामुळे कळतं. फोनने स्वतःच्या मर्जीने काढलेल्या फोटोत तिन्ही पैलू एका रंगाचे होतात आणि धार नाहीशी होते. म्हणून मी काय करते, तर पांढऱ्या पैलूवर बोट ठेवते आणि दाबून धरते. फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, तिथे लॉक होतं. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते हळूहळू खाली ओढते. पडदा काळवंडत जातो. पांढऱ्या पैलूवरचे छिन्नीचे बारीक ओरखडे दिसायला लागले की थांबते. आता तिसरा पैलू पूर्ण काळा झालेला असतो, त्यातलं काहीही दिसत नसतं, आणि खांब पुन्हा खांब झालेला असतो.

शेजारी उभे असलेले लोक हमखास सांगतात, अहो, अंधारा येतोय तुमचा फोटो. येऊ दे. काळा दगड काळाच यावा.

फोन हे सगळं का करतो ते एकदा समजून घेतलं की त्याच्यावर चिडायला होत नाही. मोठ्या कॅमेऱ्याचा पूर्ण फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. फोनचा करंगळीच्या नखावर मावेल एवढा. एवढ्या जागेत उजेड गोळा होणार तो किती? ती उणीव फोन हिशेबाने भरून काढतो. आपण एक बटण दाबतो, पण तो एक फोटो काढत नाही. कॅमेरा उघडल्यापासून त्याचं टिपणं चालू असतं. भराभर घेतलेल्या अनेक चौकटी तो एकावर एक बसवतो, हात हलला असेल तर जुळवून घेतो, अंधारात येणारे रंगीत दाणे पुसतो, आणि मग कुठला भाग किती उजळ दिसावा हे ठरवतो. २०१८च्या सुमारास फोनमध्ये रात्रीसाठी वेगळा मोड आला, त्यात हाच उद्योग काही सेकंद चालतो. २००० साली जपानमध्ये विकायला आलेल्या कॅमेराफोनचा फोटो साधारण एक लाख दहा हजार ठिपक्यांचा होता. आजच्या बऱ्याच फोनचे सेन्सर पाच कोटींचे असतात. ठिपके वाढले ते सेन्सर सुधारल्यामुळे, पण एवढ्याशा सेन्सरवर फोटो इतका चांगला येतो तो बराचसा या हिशेबाच्या जोरावर, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हिशेब करणाऱ्याने ठरवून ठेवलं आहे की माणसांना उजळ फोटो आवडतात. खिद्रापूरचा गाभारा त्याने पाहिलेला नाही.

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला या देवळात रात्री गर्दी होते, कारण चंद्र त्या गोलाच्या डोक्यावर येतो आणि चांदणं बरोबर खालच्या शिळेवर उतरतं. त्या वेळी फोन वर करून चंद्राचा फोटो काढण्यात मला अर्थ वाटत नाही. साध्या लेन्सने तो पांढरा ठिपका येतो, आणि काही फोन तर चंद्र ओळखून त्याच्यावरचे डाग आपल्या पदरचे घालतात. फोटो आहे तो खाली. शिळेवर पडलेलं चांदणं, तिच्या कडेवर टेकलेली माणसांची पावलं, आणि खांबांमागे काहीच नाही. नाइट मोड बंद, फोन खांबाला टेकवून घट्ट धरलेला, एक्स्पोजर खाली. दाणे येतात. येऊ देते. चांदण्याचा फोटो दिवसासारखा दिसण्यापेक्षा खरखरीत आलेला बरा.

उजळ करण्याचा मोह फोनने आणलेला नाही, तो फार जुना आहे. अजिंठ्याला त्याची किंमत भिंतींनी मोजली आहे.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसने वर जायचं, १ नंबरच्या लेण्याबाहेर चपला काढायच्या, आणि आत पाऊल टाकलं की पहिली काही मिनिटं जवळजवळ आंधळेपणाची. फ्लॅशला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. मग अंधारातून एकेक आकृती वर यायला लागते. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी. झुकलेली नजर, बोटांत अलगद धरलेलं कमळ, मुकुटाच्या कडेला जरासा उजेड. ही चित्रं ज्यांनी काढली त्यांनी ती दिव्याच्या किंवा बाहेरून परावर्तित करून आणलेल्या उजेडात काढली असणार. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड हे रंग जवळपासचे. निळ्यासाठीचा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानाकडून आलेला. तो निळा तिथे दागिन्याएवढाच वापरलेला आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडल्यानंतर त्यांच्या नकला करण्याची धडपड सुरू झाली. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी. १८४४ मध्ये त्याला या कामावर नेमलं आणि त्याने आयुष्यातली उमेदीची वर्षं लेण्यांत बसून तैलरंगात मोठमोठ्या नकला करण्यात घालवली. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल पुढे कॅमेऱ्याकडेही वळला होता. १८७९ साली तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२पासून पुढे कितीतरी हंगाम त्यांनी नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या.

ग्रिफिथ्सचं काम मोठं, त्याबद्दल वाद नाही. पण अंधारात चित्र नीट दिसावं, नक्कल करता यावी म्हणून त्या काळात भिंतींवर वॉर्निश चढवलं गेलं. पुढे १९२०च्या दशकात निजाम सरकारने इटलीहून संवर्धक आणले. त्यांनी पोपडे जागच्या जागी धरून ठेवले, त्यासाठी लाखेचा लेप वापरला, आणि तोही कालांतराने पिवळा, तपकिरी पडला. भिंतीवरचा रंग आधी वाटतो तेवढा पिवळट नव्हता. त्यावरचा कितीतरी थर माणसांनी चढवलेला आहे, बहुतेक सगळा चांगल्या हेतूने. चित्र उजळ दिसावं या हेतूने.

म्हणून १ नंबरच्या लेण्यात फोनने पद्मपाणीला भरदिवसाच्या उजेडात आणून ठेवलं की माझ्या पोटात कालवतं. फोन भिंतीला इजा करत नाही, हे खरं आहे. पण दहा सेकंदांत तसा फोटो मिळाला की माणूस पुढे सरकतो. डोळे स्थिरावण्याआधीच. मी तिथे आधी काही वेळ फोन काढतच नाही. डोळ्यांना जे दिसायचं ते दिसू देते आणि मग फोनचा पडदा त्या दिसण्याशी जुळवते, उलट नाही. प्रो मोड असेल तर पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) हाताने बसवता येतो, तो जरूर बसवावा. नाहीतर फोन भिंतीचा तांबूसपणा धुऊन टाकतो आणि त्याबरोबर तो मोजून वापरलेला निळाही बिघडतो. डीएनजी फाइल साठवण्याची सोय असेल तर तीही घ्यावी, कारण त्यात फोनने ठरवलेलं कमी आणि सेन्सरला मिळालेलं जास्त असतं.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते, स्वतः उत्तम छायाचित्रकार. भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले तेही त्याच काळात. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेला द्रावण लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. म्हणजे प्रवासात बरोबर तंबू, बाटल्या, काचा, पाणी, बैलगाडी. त्यांच्या सामानाच्या यादीशी माझ्या खिशाची तुलना करायची मला गरज वाटत नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती ती मात्र हवीहवीशी वाटते: पुढची काच तयार होईपर्यंत समोरच्या जागेकडे बघत राहण्याची सक्ती.

पावसाळ्यातल्या सह्याद्रीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे करायचं काम थोडंच आहे. जुलैत माळशेजला उजेड असतोच किती? ढग रस्त्यावर उतरलेले, कडा मध्येच दिसतो मध्येच नाही. फोन त्यातून पोपटी गवत आणि निळसर आभाळ शोधून काढतो, जे तिथे नव्हतं. रंगांचा मोड साधा ठेवायचा, एक्स्पोजर थोडं खाली, बस. बाकी सगळी झटापट पाण्याशी असते. पडदा ओला झाला की बोट ओळखत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा. लेन्स पुसायला सुती रुमाल वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला. लेन्सवर बोटाचा तेलकटपणा असला तर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा अख्ख्या फोटोभर फासला जातो. निम्म्या वाईट फोटोंचं कारण एवढंच असतं. आणि एसी गाडीतून उतरलात तर काचेवर धरलेलं धुकं जाईपर्यंत थांबा.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. समोर सुवर्णदुर्ग काळवंडत असतो, वाळूवर पाट्या मांडलेल्या, बायकांचा कलकलाट, आणि उजेड मावळला की पिवळे बल्ब पेटतात. त्या पिवळ्या उजेडात सुरमई सोन्याची दिसते. फोनला हा पिवळेपणा चूक वाटतो आणि तो मासळी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखी पांढरी करतो. पण तिथली संध्याकाळ पिवळीच असते.

फोनला जमत नाही तेही स्पष्ट सांगते. लांबचा पक्षी जमत नाही. वारीतलं गोल रिंगण कडेच्या गर्दीतून जमत नाही. घोडा येतो तो चिखलाचा एक फराटा होऊन. दिवे घाटातून वळणावळणाने चढणाऱ्या पालखी सोहळ्याचा उंचावरून काढलेला जो फोटो दर वर्षी वर्तमानपत्रात येतो तो लांब पल्ल्याच्या लेन्सचा, आणि तो वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनीच काढावा. फोनवर बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र म्हणजे आहे त्याचंच कातरण असतं, त्यात नवीन काही येत नाही.

फोनचं बळ दुसरीकडे आहे, दिंडीच्या आत. तिथे सगळ्यांकडे फोन असतो, म्हणून माझ्या हातातला फोन कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माउली, एक फोटो काढू का, असं विचारलं की बहुतेकदा मान हलते, कधी "नको" येतं, आणि नको म्हणजे नको.

लोणंदच्या मुक्कामात एका दिंडीच्या ट्रकला ताडपत्री बांधून सावली केली होती. तिच्याखाली परभणीकडच्या बायका पाय पसरून बसल्या होत्या. टाचांना तेल चोळणं चाललं होतं. एका आजींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन शेजारी उतरवून ठेवलं होतं आणि चुंबळ मांडीवर घेतली होती. उन्हाने चेहरा गडद झालेला, कपाळावर बुक्का, आणि डोळ्यांच्या कडेपासून कानापर्यंत गेलेल्या रेषा. बरोबरच्या एका पोराने आपल्या फोनवर त्यांचा फोटो काढला आणि दाखवला. आजींनी फोन लांब धरला, मग जवळ आणला.

"ही कोन हाय रे?"

"तूच की, आजे."

"मी न्हाई ही."

मी डोकावून पाहिलं. आजी बरोबर सांगत होत्या. त्या पोराच्या फोनमध्ये चेहरा सुंदर करण्याची सोय मुळातच चालू होती. रेषा पुसलेल्या, कातडी गोरी, गाल गुळगुळीत. कपाळावरचा बुक्कासुद्धा डाग समजून फिका केलेला. पोराचा काही दोष नव्हता, फोन दुकानातून आला तो तसाच. मी त्याला ती सेटिंग कुठे असते ते दाखवलं आणि शून्यावर आणून दिली. आपल्याकडच्या रंगाच्या माणसांना गोरं करणं म्हणजे सुधारणा, असं कुणीतरी कुठेतरी ठरवून फोनमध्ये भरून ठेवावं, याचा मला राग येतो. दगड उजळ केला तर एक वेळ देवळाचं काही बिघडत नाही, पण आजींना त्यांचाच चेहरा ओळखू येऊ नये?

"मग तू काढ," आजी मला म्हणाल्या. आणि केस सारखे करत पुढे म्हणाल्या, "चांगला काढ पर. भिंतीवर लावाया. हार घातला तरी बरा दिसंल असा."

शेजारच्या बायकांनी त्यांना दटावलं, पंढरीच्या वाटेवर असलं काय बोलतेस. आजींना त्यात वाईट काही वाटत नव्हतं. त्यांच्या घरी सासऱ्यांचा फोटो आहे तो मतदान कार्डावरून मोठा केलेला, नवऱ्याचा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला, शेजारच्याचा खांदा अजून त्यात दिसतो. हे त्यांनीच सांगितलं. आपला तरी धड असावा, एवढीच त्यांची मागणी.

त्यांना ताडपत्रीच्या कडेला बसवलं, जिथे सावली होती पण समोर उघडं आभाळ होतं. असा उजेड चेहऱ्याला सर्वांत मानवतो. डोळे मिटावे लागत नाहीत आणि रेषा खोल दिसतात. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, तिने जवळून चेहरा घेतला तर नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. म्हणून झूम दोन एक्सवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. मागे ट्रकची निळी ताडपत्री होती. पोर्ट्रेट मोड वापरला नाही, कारण तो कानावरून सुटलेले पांढरे केस मागच्या पार्श्वभूमीत घालवून टाकतो, आणि आजींचे ते केस तर वाऱ्याने सगळीकडे झाले होते. लुगड्याच्या पांढऱ्या काठावर बोट दाबून धरलं, एक्स्पोजर खाली घेतलं. चेहऱ्याचा रंग आला तसा आला. वृंदावन मांडीवर घेऊ का, त्यांनी विचारलं. घ्या म्हटलं. हसू का? तुमची मर्जी. त्या हसल्या नाहीत. सरळ फोनकडे बघत राहिल्या.

फोटो दाखवला तेव्हा बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "हां. ही मी."

त्या पोराच्या नंबरवर तिथेच पाठवला, व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून, कारण साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि छापायला गेल्यावर फुटतो. पण तालुक्याच्या गावी जाऊन ते छापून घेतील याची खात्री वाटेना. गावाचा पत्ता लिहून घेतला, पिनकोडसह. प्रवासात काढलेल्या फोटोंतले जे माणसांचे असतात ते त्या माणसांपर्यंत कागदावर पोचले पाहिजेत, हा माझा नेम आहे आणि मी तो शक्यतो मोडत नाही. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात. फोन बिघडतात, चोरीला जातात, नदीत पडतात.

छापायला दिलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पडद्यावर बघून सांगितलं, मॅडम, फेस डार्क आहे, ब्राइट करून देतो. छपाईच्या मशीनलाही तीच सवय लावलेली असते. आपोआप होणारी दुरुस्ती बंद करा असं आवर्जून सांगावं लागतं, आणि आधी लहान आकारात एक प्रत काढून बघावी लागते. तशी काढली. बुक्का काळा आला होता, लुगड्याचा काठ पांढरा, आणि चेहरा या दोन्हींच्या मधे जिथे असायला हवा तिथे. मग आठ बाय बाराची मोठी प्रत काढली, दोन पुठ्ठ्यांमधे घालून रजिस्टर पोस्टाने पाठवली.

दिवाळीच्या आधी त्या पोराचा फोन आला. आजी शेजारीच होत्या, त्यांनी फोन त्याच्या हातातून घेतला. फोटो मिळाला, काच लावून फ्रेम केली आणि लावलासुद्धा, देवाच्या कोनाड्याच्या वर. मी म्हटलं, आजी, तुम्ही तर नंतरसाठी म्हणाला होतात.

"मंग बघाया मी कुठं असनार?" त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आजून दोन पाठव. लेकींला पाहिजेत. थोरली म्हनती बारका नको, एवढाच मोठा पाहिजे."